जतच्या पूर्व भागावर पीएचडी करतेय, पैसा कुणाचा घ्यावा?

बोरकाठची (सांगली)
नमस्कार मंडळी. सांगलीत तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, पीएचडीला नाव नोंदवलंय. विषय असा: जत तालुक्याच्या पूर्वेकडची गावं "पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जातो" असा ठराव करतात, तेव्हा ग्रामसभेत नेमकं काय घडतं? २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई जतच्या ४० गावांवर बोलले, तेव्हा चॅनेलवाल्यांच्या गाड्या उमदी-संखकडे धावल्या आणि बाइट घेऊन परत आल्या. ठराव मांडला कुणी, अनुमोदन कुणाचं, गप्प कोण बसलं, हे कुणी विचारलंच नाही. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पोचलेल्या गावात हीच भाषा कशी बदलते, तेही बघायचंय.

जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी यूजीसीची संशोधनवृत्ती) नाही. तासिकांचं मानधन कधी येईल ते देव जाणे. गाइड म्हणतात आयसीएसएसआरला, म्हणजे केंद्राच्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेला, अर्ज कर. परदेशात असलेली मैत्रीण म्हणते, शीर्षकात 'सीमासुरक्षा' घाल, बाहेरच्या संस्था लगेच पैसे देतील. मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण उमदीत एका आजोबांनी माझा कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि पहिला प्रश्न टाकला, "तुला पाठवलं कुणी?" उत्तर मिळेपर्यंत चहाला हात लावू दिला नाही. काय करावं?

कराडचा मास्तर
ताई, ते आजोबा तुमच्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीपेक्षा हुशार आहेत.

१९६४ साली अमेरिकी लष्कराने 'प्रोजेक्ट कॅमेलॉट' काढला. एखाद्या देशात बंडाळी का होते आणि सरकारने ती आधीच कशी थोपवावी, हे समाजशास्त्रज्ञांकडून शोधून घ्यायचं होतं. (त्या वेळी इकडे आमचे यशवंतराव संरक्षणमंत्री होते, हे आपलं कराडकर म्हणून सांगितलं.) नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग तेव्हा चिलीत होते. त्यांना बोलावणं आलं, पैसा लष्कराचा आहे हे कळल्यावर त्यांनी नकार दिला. चिलीत बोंबाबोंब झाली, प्रकरण तिथल्या संसदेत गेलं आणि जुलै १९६५मध्ये प्रकल्प गुंडाळला. लष्कर सुटलं. पुढे तिथे साधी प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या परक्या संशोधकाकडेही लोक संशयाने बघू लागले.

२००८मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी 'मिनर्व्हा' सुरू केला, म्हणजे पेंटागॉनच्या (तिथल्या संरक्षण खात्याच्या) पैशावर समाजशास्त्रीय संशोधन. तिथल्या मानववंशशास्त्रज्ञांनी तेव्हाच पत्र लिहिलं, की प्रस्तावांची निवड पेंटागॉनने करू नये, विज्ञानाला निधी देणाऱ्या नागरी संस्थांकडून करवून घ्यावी. त्यातून चांगलं कामही झालं, नाही म्हणत नाही. पण २०२५मध्ये वरून हुकूम आला आणि चालू अभ्यासांचासुद्धा पैसा थांबला.

तुमच्या शीर्षकात 'सीमासुरक्षा' शिरली की पाण्याचा प्रश्न निष्ठेचा होतो. माणूस म्हणतोय टँकर येत नाही, तुमच्या अहवालात तो फुटीर ठरतो. ज्याच्या पोराला उद्या पोलीस भरतीला जायचंय, तो तुमच्याशी का बोलेल?

हिंसाचाराच्या अभ्यासाला पैसे देणाऱ्या संस्था आहेत, न्यूयॉर्कचं हॅरी फ्रँक गुगेनहाइम फाउंडेशन आहे. पण स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची मंडळी सशस्त्र संघर्षाच्या यादीत नोंद करतात ती वर्षाला लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर. जतला तसलं काही नाही, आणि ग्रांटसाठी तसं भासवूही नये. आयसीएसएसआर बरी. १९६९ची संस्था, धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष, गारगोटीचे जे. पी. नाईक सदस्य-सचिव. महिना २०,००० म्हणजे जेआरएफच्या ३७,०००पुढे कमीच, पण उमदीत ते नाव मोठ्याने सांगता येतं.

माजी सुभेदार, अपशिंगे
मास्तर, नमस्कार. आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. म्हणून जरा रागाने लिहितोय. संरक्षण खात्याचा पैसा म्हणजे पाप हे कुणी ठरवलं? पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे, दिल्लीची आयडीएसए ही संरक्षण अभ्यास संस्था १९६५पासून चालू आहे, तिला पैसा संरक्षण मंत्रालयाचाच. आयसीएसएसआर शिक्षण मंत्रालयाची. खिसा सरकारचाच ना? वीरपत्नीला पेन्शनसाठी किती खेटे घालावे लागतात यावर उद्या कुणी अभ्यास केला आणि पैसा फौजेने दिला, तर मी स्वतः घरोघरी फिरवीन.

कराडचा मास्तर
सुभेदारसाहेब, तुमच्या वीरपत्नीच्या अभ्यासाला माझी ना नाही, कारण तिथे फौज स्वतःचंच घर तपासतेय. जतला तसं नाही. खिसा एक असला तरी अहवाल कुणाच्या टेबलावर जातो, त्यावर माणसाचं तोंड उघडतं किंवा मिटतं.

लेखाविभाग
मध्ये बोलतो, पण हे आधी बघा. परदेशी ग्रांट कॉलेजच्या नावावर येणार असेल तर कॉलेजला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद झालंय. म्हणजे "अमुक एनजीओमार्फत घेऊ" हा मैत्रिणीचा सल्ला असेल तर तो सोडा. तुम्हाला व्यक्तिशः शिष्यवृत्ती आली तर कायद्यात सूट आहे, मात्र पत्रात तसं स्पष्ट लिहून घ्या.

बोरकाठची (सांगली)
सगळ्यांचे आभार. सुभेदारकाका, तुमचा मुद्दा सिनॉप्सिसमध्ये घालते, नाव न घेता. आयसीएसएसआरला अर्ज करतेय, शीर्षकात पाणीच राहील. संमतीपत्र मराठी आणि कानडी दोन्हीत करणार, आणि पैसा कुणाचा ते पहिल्याच ओळीत लिहिणार.

आता एक मदत हवी: संख किंवा तिकोंडीकडच्या ग्रामसभांची जुनी ठरावबुकं बघायला मिळतील असं ओळखीचं कुणी आहे का? ग्रामसेवकाकडे आधी अर्ज करावा की सरपंचांना भेटावं?