मॅग्नेट चीनचे, वाळू आपली. खणायचं की विकत घ्यायचं?

विनय_ठाणे: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'रेअर अर्थ (मोटरच्या ताकदवान मॅग्नेटला लागणारे धातू) चीनकडून स्वस्त मिळतात तर आपले किनारे कशाला खणायचे'. डोकंच फिरलं. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर लायसन्स लावलं तेव्हा चाकणला आमची मोटरची लाइन अडली होती, माल तिकडे आणि आम्ही इकडे फॉर्म भरत बसलेलो. 2010 ला जपानला असंच अडवलं होतं. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे रेअर अर्थचं खनिज, पडलंय, काढा की!

मृण्मयी: मीच लिहिलेलं ते. विनयदादा, नुसतं खणून मॅग्नेट होत नाही. ही वाळू काढणारी सरकारी कंपनी आयआरईएल 1950 पासून आहे, तरी इथे मॅग्नेटचे मोठे कारखाने नाहीत म्हणून मॅग्नेटला लागणारं मुख्य रेअर अर्थ, आपलं निओडिमियम, जपानला जात होतं. मॅग्नेट तापल्यावरही टिकवणारं डिस्प्रोसियम तर आपल्या मोनाझाइटमध्ये नावापुरतं. शुद्धीकरण जवळपास 90 टक्के चीनमध्ये, खरी अडचण तिथेय. वर मोनाझाइटमधून निघणारा किरणोत्सारी थोरियमचा कचरा, तो कुणाच्या गावात टाकणार?

सत्तरीकर: गावाचं नाव पुढे करून खाणी बंद पाडणारे आम्ही गोव्यात बघितलेत. फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लोहखनिजाच्या खाणींची 88 लीज रद्द केली, भावाने कर्ज काढून घेतलेला टिपर दारातच गंजला, हप्ते मात्र चालूच.

गीता_डिचोली: टिपर दिसतो, आमच्या भातशेतीत उतरलेला लाल गाळ नाही दिसत? विहीर आटली ती वेगळीच. आणि एवढं करून खनिज गेलं कुठे, तर बहुतेक चीनलाच!

सत्तरीकर: लो ग्रेड होतं ताई, इथले कारखाने घेत नव्हते. बेकायदा काढलं त्यांना धरा ना, ड्रायव्हर-क्लीनरने काय केलेलं? पगारदारांना नाही कळायचं हे.

गीता_डिचोली: पगारदार कोण? शेती बुडाली म्हणून नोकरी धरली मी. तोंड सांभाळून बोला.

विनय_ठाणे: अहो, विषय रेअर अर्थचा चाललाय! मृण्मयी, शुद्धीकरणाचं तेवढं मान्य. पण केंद्राने नोव्हेंबर 2025 ला मॅग्नेटसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, त्या कारखान्यांना कच्चा माल कोण देणार, परत चीन?

मृण्मयी: जपानने 2010 नंतर ऑस्ट्रेलियाच्या लायनस या रेअर अर्थ कंपनीत पैसा घातला, तसं करा. जुन्या मोटरमधले मॅग्नेट काढा. तरी कमी पडलं तर खणा, पण गावाला विचारून.

गीता_डिचोली: विचारून म्हणजे जनसुनावणी ना? आमच्याकडे झाली तेव्हा रिपोर्ट अख्खा इंग्रजीत होता. आधी तो मराठी-कोंकणीत द्या, मग या विचारायला.