मदत हवी आहे: एपीआयचे सगळे कॉल यशस्वी, तरी बेरीज शून्य आणि यादी भलतीच

धागाकर्ता:

नमस्कार मंडळी, फ्रंटएंडमधल्या जाणकारांकडून मदत हवी आहे.

पान तसं साधं आहे. वर शोधपेटी, खाली मालाची यादी आणि यादीच्या माथ्यावर एकूण शिलकीची बेरीज. पेटीतला मजकूर बदलला की फेच (ब्राउझरमधून सर्व्हरला विनंती पाठवणारं फंक्शन) वापरून यादीची एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून डेटा मागण्याची ठरलेली सोय, बोलावतो. ती फक्त आयडी आणि नावं देते. एकेका वस्तूची शिल्लक दुसऱ्या एपीआयला आयडी देऊन विचारावी लागते. दोन्ही एपीआय दुसऱ्या टीमच्या ताब्यात आहेत, त्यामुळे "सगळं एकाच कॉलमध्ये द्यायला सांगा" हा सल्ला बरोबर असला तरी तूर्त उपयोगाचा नाही.

पहिला त्रास बेरजेचा. यादीवर फॉरइच (प्रत्येक वस्तूसाठी एक फंक्शन चालवणारी सोय) लावलाय, आतलं फंक्शन असिंक, म्हणजे मध्ये थांबू शकणारं आहे. त्यात शिलकीचा कॉल अवेट करून (उत्तर येईपर्यंत थांबून) बेरजेत मिळवतो आणि फॉरइच संपल्यावर बेरीज दाखवतो. पडद्यावर कायम शून्य. नेटवर्क टॅबमध्ये मात्र झाडून सगळे कॉल २०० (यशाचा कोड) घेऊन आलेले. शिलकी ज्या ॲरेत (क्रमवार यादीत) गोळा करतो तो कन्सोलवर छापला तर रिकामे चौकटी कंस दिसतात, पण शेजारचा बाण दाबून उघडला की आत सगळे आकडे हजर! डेटा आहे की नाही हेच कळेनासं झालंय. बेरीज दाखवण्याआधी सेटटाइमआउटने (ठरावीक वेळाने कोड चालवणाऱ्या फंक्शनाने) सेकंदभर थांबलं तर शून्याऐवजी काहीतरी आकडा येतो. नेट मंद असलं की पुन्हा शून्य.

दुसरा त्रास शोधाचा. "का" लिहून लगेच पुढे "कागद" पूर्ण केलं तर कधीकधी पेटीत "कागद" आणि खाली यादी "का"ची. ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स लावला, म्हणजे टाइप करणं तेवढा वेळ थांबलं तरच विनंती जाते. प्रमाण घटलं, पण प्रकार थांबला नाही. तपासायला बसलं की होत नाही, डेमोत हमखास होतं.

फ्रेमवर्क कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण साध्या जावास्क्रिप्टची वेगळी फाइल करूनही हेच घडतं. आगाऊ धन्यवाद.

अर्धविराम:

आधी बेरीज. अवेट ज्या फंक्शनात लिहिलंय फक्त त्यालाच थांबवतं. तुमच्याकडे आतलं छोटं फंक्शन थांबतंय, फॉरइच नाही. तो प्रत्येक वस्तूसाठी ते फंक्शन बोलावतो, त्याने परत दिलेल्या प्रॉमिसकडे (नंतर येणाऱ्या निकालाच्या पावतीकडे) ढुंकूनही बघत नाही आणि पुढे जातो. आणि सर्व्हर कितीही वेगवान असला तरी तुम्हाला शून्यच दिसणार. चालू असलेला कोड संपून ताबा इव्हेंट लूपकडे (रांगेतली पुढची कामं उचलणाऱ्या यंत्रणेकडे) जाईपर्यंत कुठल्याही अवेटच्या पुढची ओळ चालूच शकत नाही, आणि तुमची बेरीज दाखवणारी ओळ त्या आधीच येऊन गेलेली असते.

फॉरइचच्या जागी मॅप लावा. मॅप ती प्रॉमिसं ॲरेत गोळा करून देतो. तो ॲरे प्रॉमिस डॉट ऑलला (सगळी प्रॉमिसं पूर्ण होण्याची वाट बघणाऱ्या फंक्शनाला) द्या आणि त्यावर अवेट लावा. निकाल मूळ यादीच्याच क्रमाने मिळतात, आधी कोण पोचलं याच्याशी संबंध नाही. एकामागून एकच कॉल करायचे असतील तर फॉर-ऑफ लूपमध्ये अवेट बरोबर चालतं, पण मग सगळ्यांचा वेळ एकावर एक चढतो. २०० मिलिसेकंदांचे ३० कॉल म्हणजे ६ सेकंद.

कन्सोलचं कोडं असं की तिथे ॲरेची प्रत छापली जात नाही, खऱ्या ॲरेकडे फक्त बोट दाखवलेलं असतं. मिटलेल्या ओळीत छापतानाची स्थिती दिसते आणि बाण दाबल्यावर बाण दाबतानाची. त्या क्षणीचं चित्र हवं असेल तर जेसनच्या स्ट्रिंगिफायमधून काढून, म्हणजे साधा मजकूर करून छापा.

सेटटाइमआउट काढून टाका. एका सेकंदात सगळं येईल ही नुसती पैज आहे, आणि ती मंद नेटवर तुम्ही रोज हरताय.

धागाकर्ता:

मॅप आणि प्रॉमिस डॉट ऑल लावलं. शून्य गेलं! पण आता बेरीज प्रत्येक रिफ्रेशला वेगळी येते, आणि खऱ्या बेरजेपेक्षा नेहमी कमी. आतली ओळ तीच ठेवली आहे, म्हणजे बेरीज अधिक-बरोबर अवेट शिलकीचा कॉल. सगळे कॉल संपेपर्यंत आता थांबतोय, मग आकडे गळतात कुठे?

अर्धविराम:

त्याच ओळीत. अधिक-बरोबरमध्ये इंजिन आधी डावीकडची किंमत वाचून बाजूला ठेवतं, मग उजवीकडे वळतं. उजवीकडे अवेट भेटलं की फंक्शन तिथेच थांबतं, वाचलेली जुनी किंमत हातात धरून. तीन वस्तू घ्या, शिल्लक ५, ८ आणि १२. तिन्ही फंक्शनं सुरुवातीलाच बेरीज शून्य अशी वाचून बसतात. मग पहिलं लिहितं शून्य अधिक ५, दुसरं शून्य अधिक ८, तिसरं शून्य अधिक १२. उत्तर २५ यायला हवं, पण उरतो तो फक्त सगळ्यात शेवटी आलेल्या वस्तूचा आकडा. शेवटी कोण येईल हे दर वेळी बदलतं, म्हणून बेरीजही बदलते.

जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालतं, तेव्हा असल्या भानगडी तिथे नसतात असा एक समज आहे. दोन ओळी खरोखर एकाच वेळी चालत नाहीत हे खरं. पण प्रत्येक अवेटपाशी दुसऱ्या कुणाला तरी मध्ये शिरायला जागा मिळते, आणि घोटाळ्याला तेवढी जागा पुरते.

आधी अवेट करून शिल्लक वेगळ्या कॉन्स्टमध्ये घेतली आणि पुढच्या ओळीत मिळवली तर उत्तर बरोबर येईल. मी मात्र बाहेरच्या चलाला हातच लावणार नाही. आतल्या फंक्शनाने फक्त शिल्लक परत द्यावी, आणि प्रॉमिस डॉट ऑलने सगळे आकडे दिले की रिड्यूसने (ॲरेतून एकच उत्तर काढणाऱ्या फंक्शनाने) एकदाच बेरीज करावी.

बॅकएंडवाला:

मी पलीकडच्या बाजूचा आहे, म्हणून थोडी रडगाणी.

प्रॉमिस डॉट ऑल कॉल सुरू करत नाही, ते तर मॅप फिरतानाच सुटलेले असतात. यादीत ५०० वस्तू असतील तर ५०० विनंत्या एकदम निघाल्या. एचटीटीपी १.१ असेल तर क्रोमसारखे ब्राउझर एका होस्टला एका वेळी सहाच जोडण्या देतात, बाकीच्या रांगेत थांबतात. एचटीटीपी २ वर मात्र एकाच जोडणीतून ढीगभर विनंत्या येऊन आदळतात आणि आम्ही ४२९ ("फार विनंत्या झाल्या" हा कोड) पाठवतो. सोबत रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर तो वाचा आणि तेवढं थांबा. लगेच पुन्हा मारा केला तर सगळ्यांचंच अडतं. दहा-दहाचे गट करून पाठवलेत तरी पुष्कळ.

दुसरं म्हणजे फेच ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) या कोडना एरर मानत नाही. नेटवर्कच तुटलं, सीओआरएसने (दुसऱ्या साइटच्या विनंत्यांवरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं किंवा तुम्ही विनंती रद्द केली तरच प्रॉमिस रिजेक्ट, म्हणजे अयशस्वी होतं. सर्व्हरने "माझ्याकडे गडबड आहे" असं सांगितलं तर फेचच्या लेखी ते यशच, कारण उत्तर मिळालं. म्हणून रिस्पॉन्सचं ओके तपासून तुम्हीच एरर फेका, नाहीतर एररचा जेसन शिल्लक म्हणून वाचला जाईल आणि बेरजेच्या जागी "नॅन" (ही संख्याच नाही) झळकेल.

हे तपासायला लागलात की पुढची अडचण येईल, ती आत्ताच सांगतो. एक जरी प्रॉमिस रिजेक्ट झालं तरी प्रॉमिस डॉट ऑल तिथेच रिजेक्ट होतं. बाकीचे कॉल चालूच राहतात, पण त्यांचे निकाल तुमच्या हाती येत नाहीत. एका वस्तूपायी अख्खी यादी घालवायची नसेल तर प्रॉमिस डॉट ऑलसेटल्ड वापरा, २०२० च्या एक्मास्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या प्रमाणात) आलंय. ते कधीच रिजेक्ट होत नाही, प्रत्येकाचं काय झालं ते वेगवेगळं सांगतं. फक्त अर्धवट बेरीज पूर्ण असल्यासारखी दाखवू नका. "दोन वस्तूंची शिल्लक मिळाली नाही" असं शेजारी लिहा. माल मागवणारा माणूस त्या आकड्यावर निर्णय घेतो.

अर्धविराम:

सहमत. आता शोधाचा त्रास, आणि माझ्या मते हाच जास्त गंभीर आहे, कारण इथे कुठेही एरर येत नाही.

विनंत्या ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने उत्तरं येतील अशी हमी कुणीही देत नाही. "का"ला भरपूर वस्तू सापडतात, उत्तर जड असतं, वेळ लागतो. "कागद"चं छोटं उत्तर आधी येऊन पडद्यावर बसतं आणि मागून "का"चं उत्तर येऊन ते पुसतं. डिबाउन्सने विनंत्या कमी होतात, त्यांचा क्रम बांधला जात नाही. ३०० मिलिसेकंदांहून जास्त थांबून टाइप करणारा माणूस आणि मंद सर्व्हर एकत्र आले की जैसे थे. आणि इथे अवेटही कामाचं नाही. ते एका शोधाच्या पायऱ्या क्रमाने लावतं, पण दोन वेगवेगळ्या शोधांना एकमेकांचा पत्ताच नसतो.

अबॉर्टकंट्रोलर, म्हणजे चालू विनंती रद्द करायची सोय, वापरा. नवा शोध सुरू करताना आधीच्या कंट्रोलरवर अबॉर्ट बोलवा, नवा कंट्रोलर करा आणि त्याचा सिग्नल फेचला द्या. हा सिग्नल यादीच्या कॉलला देऊन थांबू नका, शिलकीच्या सगळ्या कॉलनाही तोच द्या. नाहीतर यादी नवी आणि तिच्यावर जुन्या शोधाच्या शिलकी, असं कडबोळं होईल. रद्द झालेलं फेच अबॉर्टएरर नावाने रिजेक्ट होतं. ती बिघाडाची खूण नाही, तेव्हा कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) नाव तपासून गुपचूप परत फिरा. ऑलसेटल्ड हा एररही गिळून त्याचा निकाल बनवतं, म्हणून त्याच्यानंतर सिग्नल रद्द झालाय का ते स्वतः बघा आणि मगच पडद्याला हात लावा.

बॅकएंडवाला:

एक पुरवणी. अबॉर्ट केलं म्हणजे सर्व्हरवरचं काम थांबलंच असं नाही. शोधाला फरक पडत नाही, पण हीच युक्ती जतन करण्याच्या पोस्ट (सर्व्हरवर डेटा पाठवणाऱ्या) विनंतीला लावू नका. तुम्ही रद्द म्हणाल आणि नोंद इकडे झालेली असेल.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. बेरीज बरोबर येते, यादी आता उलटीपालटी होत नाही. ऑलसेटल्डनंतरची सिग्नलची तपासणी आधी घातली नव्हती, तेव्हा क्षणभर "सगळ्याच वस्तूंची शिल्लक मिळाली नाही" असं झळकायचं. ती घातल्यावर थांबलं.

एकच उरलंय. भराभर टाइप केलं की लोडिंगचं चक्र मधेच गायब होतं आणि यादी नंतर येते. चक्र लपवण्याची ओळ फायनलीमध्ये (यश येवो वा एरर, शेवटी चालणाऱ्या भागात) आहे. याउलट कधीकधी ते फिरतच राहतं आणि नेटवर्क टॅबमध्ये एखादा कॉल मिनिटभर पेंडिंग दिसतो.

अर्धविराम:

फायनली रद्द झालेल्या शोधासाठीही चालतं. जुना शोध जाता जाता नव्याचं चक्र विझवतो. फायनलीमध्ये आधी बघा की सध्याचा कंट्रोलर हा आपलाच आहे का, आणि असेल तरच चक्र लपवा.

मिनिटभराच्या पेंडिंगचं कारण म्हणजे फेचला स्वतःची अशी वेळमर्यादा देता येत नाही. अबॉर्टसिग्नल डॉट टाइमआउटला मिलिसेकंद दिले की ठरल्या वेळी रद्द होणारा सिग्नल मिळतो. तो आणि तुमच्या कंट्रोलरचा सिग्नल, दोन्ही अबॉर्टसिग्नल डॉट एनीमध्ये एकत्र करून फेचला द्या. वेळ संपल्यावर एररचं नाव टाइमआउटएरर असतं, अबॉर्टएरर नाही. तेव्हा तो गुपचूप गिळू नका, वापरणाऱ्याला "पुन्हा प्रयत्न करा" असं बटण दाखवा. जुन्या ब्राउझरांत एनी नसतं. तिथे सेटटाइमआउटमधून कंट्रोलरवर अबॉर्ट बोलवा, पण कारण म्हणून स्वतःचा वेगळा एरर द्या, म्हणजे कॅचमध्ये दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतील.