गोव्यात भूंयकांप (भूकंप) अनुभवलाय का? आपापला अनुभव लिहा

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. वेळ मला मागाहून वाचून कळली. तेव्हा मी सात वर्षांचा होतो, पेडण्याच्या घरात आजीच्या कुशीत झोपलेलो. जाग आली ती कौलांच्या आवाजाने. माकडं नाचली की येतो तसाच आवाज, पण सगळ्या छपरावर एकदम. माकडं रात्रीची कुठून येणार? मांडणीवरची पितळेची भांडी वाजत होती, लामणदिवा झुलत होता. बाबा, काका सगळे उठून नुसते बसले होते. आजी तेवढी ओरडली, "भूंयकांप! भायर सरात!" तिनेही तो आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवला होता, शब्द मात्र तिच्याकडे होता. उजाडेपर्यंत आम्ही थंडीत तुळशीपाशी उभे होतो. काकांनी गोठ्यातली गुरंही सोडून आणली.

कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हे रेडिओवर ऐकलं. नकाशावर सरळ रेष ओढली तर कोयना पेडण्यापासून दोनशे किलोमीटरसुद्धा नाही.

तुम्हाला कधी धक्का जाणवला? काय हललं, काय ऐकू आलं, पहिल्या मिनिटात काय केलंत? गोव्याबाहेरचा अनुभव असला तरी लिहा.

डिचोलीहून:
आमच्याकडे भांडी वाजली की कोणी मान वर करत नाही. खडीच्या क्वारीत सुरुंग लावला असेल म्हणतात. मीही एकदा तसंच म्हणून कूस बदलली. यजमान म्हणाले, "अगो, रात्री दोन वाजता कोण सुरुंग लावतो?" तेव्हा पोटात गोळा आला. सुरुंगाचा एकच दणका असतो. हे लांबून भरलेला ट्रक येत राहावा तसं घुमत होतं. एवढंच, पडलं-झडलं काही नाही.

फोंड्याहून:
माझं माहेर उमरग्याजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी बाळंतपणासाठी तिथे होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून सगळे उशिरा येऊन गाढ झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमिनीतून गडगडाट आला. मग खाट सरकली. आईने बाळाला उचललं, मला दंडाला धरून ओढलं. आम्ही उंबरा ओलांडला आणि मागे धुळीशिवाय काही दिसेना.

आमच्याकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर हातभर माती. उन्हाळ्यात गार राहावं, पावसात गळू नये म्हणून दरवर्षी थरावर थर. तेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. माझी चुलत बहीण त्यात होती. तिच्या हातावर आदल्या दिवशी मीच मेंदी काढली होती. तो भाग भूकंपाचा आहे असं आम्हाला कधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून "आपल्याकडे होत नाही" हे वाक्य मला अजून सोसत नाही. गोव्यालाही २०१६ च्या सरकारी नकाशात तिसरा झोन दिलेला होता, म्हणजे मध्यम धोका.

त्यानंतर सासरी परत आले तेव्हा पहिल्या रात्री वर बघितलं. मंगळुरी कौलं, लाकडी वासे. कौल डोक्यात पडलं तर लागेल, पण माळवदासारखं गाडणार नाही. मगच झोप लागली. आता त्याच घरावर स्लॅब टाकायचं चाललंय, खाली त्याच जुन्या चिऱ्याच्या भिंती. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी टाकू देणार नाही, घरात कितीही वाद झाला तरी.

मडगावहून:
२६ जानेवारी २००१ ला मी नोकरीमुळे अहमदाबादला होतो. झेंडावंदनाला निघताना, पावणेनऊच्या सुमारास, जमीन पायाखालून बाजूला जातेय असं वाटलं. आमची जुनी दुमजली चाळ उभी राहिली, रस्त्यापलीकडची नवी इमारत बसली. केंद्र कच्छमध्ये, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तो धक्का ७.७ चा, कोयनेपेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे कोयना-गोव्याच्या अंतराशी थेट तुलना नको. पण लांबच्या भूकंपाच्या संथ लाटा उंच इमारतींना जास्त झुलवतात, आणि मऊ, भुसभुशीत जमिनीत हादरा वाढतो. पणजीच्या आसपास खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, भराव टाकून सात-सात मजले चढताना बघतो तेव्हा मला ती इमारत आठवते. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, भिंत नाही, तशीच होती तीही.

ताळगावहून:
अनुभव नाही, प्रश्न आहे. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, सासूबाईंचे गुडघे गेलेले. पळायचं की थांबायचं?

फोंड्याहून:
बाय, पाचव्या मजल्यावरून पळू नका. हादरे चालू असताना जिन्यात माणसं पडतात. दणकट टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा. सासूबाईंना खाली बसता येत नसेल तर पलंगावरच राहू द्या, डोक्यावर उशी धरायला सांगा. काचेपासून, कपाटापासून लांब. थांबल्यावर जिन्याने उतरा, लिफ्ट नको, आणि गॅस बंद करा. आमच्यासारख्या बैठ्या घरात दार दोन पावलांवर असेल तर अंगणात जावं, भिंतीपासून दूर. आणि पलंगाशी चपला, बॅटरी ठेवत जा. त्या पहाटे आम्ही सगळे अनवाणी होतो. आईच्या तळव्यात गेलेली काच दोन दिवसांनी काढली.