मदत हवी आहे: १० महिन्यांची भाची फक्त डावाच हात वापरते, सेरेब्रल पाल्सी असेल का?

नमस्कार. सेरेब्रल पाल्सीबद्दल (सीपी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण) विचारायचं आहे, बहिणीच्या मुलीसाठी. पूर्ण दिवसांची, वजन २.६ किलो, जन्मल्यावर लगेच रडली. दुसऱ्या दिवशी झटके आले होते, ते औषधांनी थांबले. मान वेळेत धरली. हसते, माणसं ओळखते.

खेळणं उजवीकडे धरलं तरी ती डावा हात आडवा आणून घेते. उजवी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत. झबलं घालताना उजवी बाही चढता चढत नाही, कोपर सरळच होत नाही. रांगत नाही, बसल्या बसल्या सरकते आणि उजवा पाय मागे ओढला जातो. घरात सगळे म्हणतात डावखुरी होणार, पणजोबाही होते. मालीशवाल्या बाई तो हात जोर लावून सरळ करतात, तेव्हा ती कळवळते. मला बघवत नाही.

मी पाहिलेली सीपीची मुलं व्हीलचेअरवरची होती. ही तशी नाही. तरी शक्यता आहे का? बहीण बार्शीला असते. आधी कुणाला दाखवावं?

प्रतिसाद (मुलांची फिजिओथेरपी करते)

ताई, थांबू नका. वर्षाच्या आत बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल तर ते डावखुरेपण समजू नये, दुसऱ्या हाताला काय झालंय ते तपासावं. तुम्ही लिहिलंय ते स्पास्टिक हेमिप्लेजियासारखं वाटतं, म्हणजे एका बाजूचे स्नायू कडक. पूर्ण दिवसांच्या बाळांत जन्माच्या आसपास मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यानेही हे होतं, आणि त्याची पहिली खूण बऱ्याचदा झटकेच असतात. निदान मात्र डॉक्टरच करतील.

स्पास्टिक हा सीपीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. कमी दिवसांच्या बाळांत बहुतेकदा दोन्ही पाय कडक होतात, उभं धरलं की कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाचा टेकत नाहीत. चारही हातपाय कडक झाले तर मान धरणं आणि गिळणंही अवघड होतं. व्हीलचेअरवरची मुलं पाहिलीत ती बहुधा यातली. अशा हेमिप्लेजियाची बहुतेक मुलं मात्र चालतात.

जोराची मालीश आजच बंद करा. कडक स्नायू झटक्याने ओढला की आणखी आवळतो.

मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना (मेंदूविकारतज्ज्ञांना) दाखवा, झटक्यांचे जुने कागद न्या. ते मेंदूचा एमआरआय सांगतील. तो नॉर्मल आला तरी तेवढ्यावर सीपी नाही असं ठरत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) असेल तर तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. निदानाची वाट न बघता थेरपी सुरू करता येते.

प्रतिसाद

माझ्या मुलाला सीपीचा डिसकायनेटिक प्रकार आहे, नवजात असताना कावीळ फार चढली होती. त्याचं अंग कधी सैल, कधी ताठ, हात आपोआप पिळवटतात. झोपला की सगळं शांत. त्याला ऐकूही कमी येतं, म्हणून सांगते, बेरा टेस्ट (ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि डोळेही तपासून घ्या. आणखी एक: बाळ एकामागून एक दचकल्यासारखं वाकू लागलं किंवा येत होतं ते विसरू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. मालीश आजच बंद करायला सांगितली. बहिणीकडून सरकतानाचा आणि खेळणं घेतानाचा व्हिडिओ मागवते. डॉक्टरांना दाखवायला तेवढा पुरेल का, की झोपेतलाही काढू?