हिरो सोडून बोला : जादूच्या गोष्टींतली तुमची आवडती बाजूची माणसं

जुळे सोलापूर (नावाऐवजी सोलापुरातला आपापला भाग; धागा मीच काढलाय, म्हणून पहिला नंबर माझा)

परवा रात्री गच्चीवर टाकी भरायची वाट बघत बसले होते, चार दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर झोपून कसं चालेल, आणि लेक शेजारी हॅरी पॉटरचा पाचवा भाग घेऊन पालथी पडलेली. मधेच विचारते, आई तुला यातलं कोण आवडतं? मी विचार न करता बोलून गेले, लूना. तिला वाटलं होतं मी त्यातली अभ्यासू हर्मायनी म्हणणार, कारण मी तिला दिवसभर अभ्यासावरूनच बोलत असते.

ही लूना पाचव्या भागात पहिल्यांदा येते, मासिक उलटं धरून वाचत बसलेली. शाळेतली पोरं तिच्या वस्तू लपवतात आणि ती शांतपणे यादी लिहून लावते की माझं एवढं एवढं सापडत नाहीये, परत करा. रडणं नाही, भांडण नाही. मी अकरावीला मंगळवेढ्याहून इथं होस्टेलला आले तेव्हा माझ्या चपला लपवायच्या, रोज एक, दोन्ही कधीच नाही. मी मात्र भांडायचे, रडायचे, घरी फोन करायचे. सातव्या भागात लूनाच्या खोलीचं छत दिसतं, तिथं तिनं पाच मित्रांचे चेहरे रंगवलेत आणि त्यांच्याभोवती सोनेरी साखळी, जवळून बघितलं तर 'मित्र' हा एकच शब्द हजार वेळा लिहिलेला. ते वाचताना मी तेहतीस वर्षांची होते आणि पोळ्या करपल्या.

तर लिहा. हिरो-हिरॉइन चालणार नाही. नुसती स्टोरी सांगत बसू नका, तो माणूस तुमच्या घरात कुठून शिरला ते सांगा. कॉमिक चालेल, चांदोबा चालेल, हिंदी चालेल. पुस्तकं जुनी आहेत तेव्हा शेवट फुटला म्हणून कुणी रागवू नये. नाहीतरी पुणे-हैदराबाद गाडीतल्या लोकांसाठी आपलं गावच साइड कॅरेक्टर आहे, स्टेशन आलं की शेंगाचटणी घेतात आणि परत झोपतात.

होटगी रोड

साबू. चाचा चौधरींचा साबू. गुरू ग्रहावरून आलेला माणूस इथं पोळ्या खायला राहतो यापेक्षा भारी काय असू शकतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्याला पैसे मिळायचे त्यातून मी जुनी कॉमिक्स घ्यायचो. बाकी काही नाही.

विजापूर रोड

माझा पडलग्लम. नार्नियाच्या 'सिल्व्हर चेअर'मधला, १९५३ चं पुस्तक. दलदलीत राहणारा बेडूकपायाचा लांबोडा माणूस, कायम वाईटच होणार म्हणून बसलेला. आज थंडी पडेल, उद्या पूर येईल, तुम्ही बहुतेक मराल, पण चला मी येतो बरोबर. आमचे सासरे डिट्टो. लग्नाच्या मांडवात मला पहिलं वाक्य काय बोलले माहितीये? "फ्रिज दिलाय माहेरून, पण लाइट कुठं असते इथं." पोराचं ॲडमिशन झालं तर म्हणाले नोकऱ्या कुठं आहेत. मी सुरुवातीची पाचेक वर्षं तोंड फिरवून किचनमध्ये जायचे.

पण त्या पुस्तकात एक सीन आहे. जमिनीखालच्या राज्यात जादूगारीण आगीत हिरवी पूड टाकते, गोड वास सुटतो, वाद्य छेडत बसते आणि सगळ्यांना हळूहळू पटवते की सूर्य नावाचं काही नसतंच, तुम्ही दिवा बघून मनानं रचलाय. पोरं हो हो म्हणायला लागतात. (आता मे महिन्यात ४४ डिग्रीत सोलापूरच्या माणसाला सूर्य नाही म्हणून पटवून दाखवा. पण ते असो.) तेव्हा हा रडका पडलग्लम उठतो आणि अनवाणी पायानं ती आग तुडवून विझवतो. पाय भाजतो, भाजलेल्या कातड्याचा घाण वास सुटतो आणि त्या वासानं सगळ्यांची डोकी ठिकाणावर येतात.

माझ्या मिस्टरांचं दुकान बसलं त्या वर्षी घरात रोज कुणी ना कुणी यायचं गोड बोलायला, ही स्कीम घ्या, तिकडं पैसे लावा, सहा महिन्यांत डबल. मिस्टर भुललेच होते. सही करायच्या दिवशी सासऱ्यांनी त्या माणसापुढं चहाचा कप ठेवला आणि एवढंच विचारलं, तुमच्या स्वतःच्या बापाचे किती लावलेत? तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. त्यानंतर मी किचनमध्ये जायचं बंद केलं, समोर बसून ऐकते. परवा म्हणाले हा पाऊस काही खरा नाही.

साखर पेठ

नमस्कार, माझं वय बासष्ट, नातवामुळं ही असली पुस्तकं वाचायला लागलो. मी आचारी, म्हणजे होतो. लग्नकार्याच्या ऑर्डरी घ्यायचो, वडलांपासूनचा धंदा. मला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम आवडतो आणि का ते आचाऱ्यालाच कळेल. हा माळी, मालक फ्रोडोबरोबर मरायला निघालाय तरी पाठीवर पातेली बांधलेली आणि मिठाची डबी जपून ठेवलेली. एवढ्या जीवघेण्या वाटेवर सशाचा रस्सा करतो, वाट दाखवणाऱ्या त्या गॉलमला पाला आणायला पिटाळतो, बटाटे नाहीत म्हणून हळहळतो. आणि त्या चुलीच्या धुरामुळंच पकडले जातात, धूर कुणी झाकायचा, ही चूक आम्हीपण हुरडा पार्टीत केलीये.

पण पुढं शेवटच्या टप्प्यात ओझं हलकं करायचं म्हणून तो ती पातेली स्वतःच्या हातानं दरीत टाकतो. आवाज येतो खाली जाताना. नातू वाचत होता मला, मी म्हणलो थांब जरा.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी बंद, गोडाऊनचं भाडं चालू. वडलांची पितळी पातेली, मोठा घंगाळ, दोन कढया, सगळं मोडीत घातलं. तो मोडवाला काट्यावर एकेक फेकत होता आणि प्रत्येक पातेल्याचा आवाज वेगळा येतो बघा, जाड बुडाचं दबक्या आवाजात बोलतं, पातळ किंचाळतं. मी डोळे मिटून सांगू शकलो असतो कुठलं गेलं. लोक म्हणतात सॅमनं फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढला तो सीन मोठा. असेल. आधी पातेली टाकली म्हणून चढता आलं. मी एक झारा ठेवलाय मात्र.

सात रस्ता

काका काय लिहिलंय तुम्ही. मी आता वेताळाबद्दल लिहिणार होतो ते कॅन्सल.

शेळगी

वेताळ साइड कॅरेक्टर कसा काय बे? गोष्ट तोच सांगतो, प्रश्न तोच विचारतो, विक्रम नुसता हमाल. उलट विक्रमच बाजूचा.

माझ्याकडून चपला. 'चंद्रकांता'मधली. टीव्हीवर नव्वदच्या दशकात लागायचं तेव्हा सगळी पोरं क्रूरसिंगसारखं 'यक्कू' करत फिरायची, पण मूळ पुस्तक १८८८ चं आहे आणि त्यात खरी मजा ऐयार लोकांची, वेश बदलणारे, बटव्यात बेशुद्ध करायची पूड आणि शुद्धीवर आणायला लखलखा ठेवणारे. चपला ही राजकन्येची मैत्रीण पण स्वतः ऐयार. राजकन्या सुस्कारे टाकते, ही कामं करते. आमच्या ऑफिसमध्येपण असंच आहे, पुढचं लिहीत नाही, साहेब इथं वाचतात.

अशोक चौक

मी जी नावं लिहिणार ती पुष्कळांना आठवणारपण नाहीत. बॉनी आणि ट्विल. 'हंगर गेम्स'च्या दुसऱ्या भागात, २००९ चं पुस्तक, जेमतेम काही पानं आहेत त्यांना. आठव्या जिल्ह्यातून पळालेल्या दोघी, एक शिकवणारी, एक तिची विद्यार्थिनी, पाय दुखावलेला, बर्फात एका पडक्या घरात हिरॉइन कॅटनिसला भेटतात.

आमचं घर पद्मशाली, घरात तेलुगू, दारात मराठी, मागच्या शेडमध्ये चार लूम. त्या पुस्तकात बारा जिल्हे आहेत, सगळे कोळशाच्या बाराव्याबद्दल बोलतात, पण आठवा जिल्हा कापडाचा आहे. आणि तिचं नाव ट्विल. वाचल्या वाचल्या मी ओरडले, नाना, इथं एका बाईचं नाव ट्विल आहे! नानांनी लूमवरून मान न काढता विचारलं, किती काउंटचं, म्हणजे सूत केवढ्या जाडीचं. ट्विल म्हणजे तिरकी रेघ येते ती वीण, जीनच्या पँटला असते ती. पुण्यातल्या मैत्रिणीनं तेच पुस्तक वाचलं, तिला वाटलं काहीतरी फॅन्सी इंग्लिश नाव.

त्या दोघी कॅपिटलच्या, म्हणजे राजधानीच्या, शिपायांचे युनिफॉर्म शिवले जायचे त्या कारखान्यात होत्या, आणि तेच युनिफॉर्म चोरून घालून पळाल्या. बंडाची बातमी तिथं पसरली कशी तर मशीनच्या आवाजात, कानात बोललं तर दुसऱ्याला ऐकूच जात नाही. हे लेखिकेला कुणी सांगितलं असेल देव जाणे पण शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडं सगळे ओठ वाचतात. नाना घरातपण मोठ्यानंच बोलतात, पाहुण्यांना वाटतं भांडण चालूये. पण लूम चालू असताना आई आणि काकू एकमेकींना काय काय सांगायच्या ते आजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

आपल्याकडंही १९३० ला मिलचे लोक रस्त्यावर आले, मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली, त्यांचे पुतळे चौकात आहेत. चार नावं शाळेत पाठ केली. पण तेव्हाही खात्यात कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोललं असणारच ना. मी पुतळ्यासमोरून स्कूटी नेताना मला बॉनी-ट्विल आठवतात, वेडेपणा आहे पण आठवतात. पुस्तकात त्या पुढं परत भेटतच नाहीत. मी मनात त्यांना पोचवलंय.

विडी घरकुल

हॅरी पॉटरमधला नेव्हिल. बरेच जण म्हणतील त्यानं तलवारीनं तो साप मारला म्हणून. माझं कारण वेगळं.

पहिला भाग मी वाचनालयातून मराठीत वाचला, 'हॅरी पॉटर आणि परीस', पुढचे इंग्लिशमध्ये अडखळत. पाचव्यात हॉस्पिटलचा प्रसंग आहे. नेव्हिलच्या आईवडलांचा इतका छळ झालाय की ते पोराला ओळखत नाहीत. आई हळूच येते आणि त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते छान छान, टाक तो डब्यात, असे इतके दिलेत की खोली भरेल. आणि हॅरीला दिसतं की तो कागद त्यानं खिशात टाकला.

माझ्या अव्वानं, म्हणजे आजीनं, पन्नास वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, हजार झाल्याशिवाय उठायची नाही. शेवटची तीन वर्षं तिला आम्ही कोण ते कळत नव्हतं पण हात थांबले नाहीत. पेपरचा तुकडा, बसचं तिकीट, जे हातात येईल ते ती पानासारखं कापायला बघायची, कात्री आम्ही काढून घेतली तर दातानं फाडायची, गुंडाळायची, तोंड दुमडायची, साडीचा दोरा काढून बांधायची आणि मला द्यायची. मलाच. मामी म्हणायची फेक रे ते, घरभर कचरा. मी मामीच्या देखत डब्यापर्यंत जायचो.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत अजून. पंचवीसचा कट्टा बांधावा म्हणून एकदा मोजल्या तर तेवीस भरल्या.

जुळे सोलापूर

मी हे लेकीला वाचून दाखवत होते, अर्ध्यात तिनंच फोन घेतला हातातून. लिहा अजून कुणीतरी, गंमतीचं लिहा.

बाळे

गंमतीचं नाहीये पण लिहितो. मी इंजिनिअरिंग थर्ड इयर. पर्सी जॅक्सनवाली जी दुसरी सिरीज आहे त्यातल्या चौथ्या भागात, 'हाउस ऑफ हेडिस', २०१३, बॉब आहे. खरं तो आयापेटस नावाचा टायटन, आधीच्या एका छोट्या गोष्टीत पर्सी त्याला विस्मरणाच्या नदीत पाडतो, स्मृती जाते, आणि मग सहज म्हणतो तुझं नाव बॉब. असंच. डोक्यात आलं म्हणून. आणि नंतर त्याला विसरून जातो. बॉब पाताळातल्या राजवाड्यात झाडू मारत बसतो, माझा मित्र पर्सी येईल म्हणून. आणि पर्सी संकटात सापडतो तेव्हा हाच झाडू घेऊन धावत येतो आणि शेवटी पर्सीला वर पाठवायला लिफ्टचं बटण धरून खाली एकटाच मागे थांबायला तयार होतो आणि म्हणतो सूर्याला आणि ताऱ्यांना माझा नमस्कार सांग.

आमच्या शाळेत एक शिपाई होते, घंटा वाजवायचे म्हणून आम्ही त्यांना टोलमामा म्हणायचो, दहा वर्षं. मधल्या सुट्टीत माझा डबा सांडला की ते त्यांची कडक भाकरी आणि चटणी द्यायचे, माझा डबा फार सांडायचा कारण घरी परिस्थिती अशी होती की डबा नसायचाच, ते त्यांना माहिती होतं आणि तेही म्हणायचे अरे आज परत सांडला का. पुस्तक वाचून झालं तेव्हा रात्री दोन वाजता माझ्या लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहिती नाही.

साखर पेठ

बाळा, शाळेच्या ऑफिसात विचार. पगारपत्रकात असतंच.

शेळगी

आणि विचारलंस की इथं सांग बे.

बाळे

आज जाऊन आलो. जुन्या मॅडम रिटायर झाल्यात, नवीन क्लार्कनं रजिस्टर काढून दिलं. नाव मिळालं, गाव अक्कलकोटच्या बाजूला आहे. इथं लिहीत नाही, त्यांना आधी विचारतो. रविवारी जातोय, डबा घेऊन.