पाणी पाजताना पातं तडकलं, आता काय करू?

ऐरणीवरची (इंदूर)

नमस्कार. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री, शिवणयंत्र, बाबांचे पाने असं सगळं पाटावर मांडून पुजतात. यंदा त्यात माझ्या हातचा एक सुरा असावा अशी फार इच्छा आहे. निव्वळ शोभेचा. पातं सहा इंचांचं, मूठ त्याच पट्टीची, पीळ घातलेली आणि शेवटी पिंपळपानासारखी चपटी.

परसात विटांची भट्टी आहे, हाताने फिरवायचा भाता आहे, ऐरण म्हणून लोहामंडीतून आणलेला ठोकळा. पट्टी टेम्पोच्या जुन्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याची, ६ मिलिमीटर जाड. चार रविवार खपले. मुठीचा पीळ इतका सारखा आला की आईने दोनदा हातात घेऊन पाहिला. मग लहानपणी रस्त्याकडेला गाडिया लोहारांना पाहिलं होतं तसं पातं पिवळं होईस्तोवर तापवलं आणि पाणी पाजायला, म्हणजे कडक करायला, बादलीत बुडवलं. 'टिंग' असा आवाज आला. टोकापासून दीड इंचावर केसासारखी चीर. तो आवाज अजून कानात आहे. ही चीर तापवून, ठोकून सांधता येईल का? नवरात्र बसायला तीन आठवडे उरलेत.

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)

ताई, सांधायच्या नादी लागू नका. चिरेच्या आत जळक्या लोखंडाची खपली धरलेली असते, ती जुळू देत नाही. मूठ कापून ठेवा, ती चांगली जमली असणार.

आपण 'पाणी पाजणं' म्हणतो आणि नवशिका बादली भरतो. पाट्याच्या पोलादाला तेल लागतं. त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन आणि वर दुसरे धातू मिसळलेले, त्यामुळे ते तेलातही पुरतं कडक होतं. पाण्यात इतकं झपाट्याने निवतं की ताण सोसत नाही. आमच्याकडे मी मोहरीचं वापरतो, तुमच्याकडे सोयाबीनचं मुबलक. लोखंडी डब्यात घ्या, ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा, झाकण हाताशी ठेवा, कारण भडका उडतो.

दुसरी चूक पिवळ्या रंगाची. पिवळा ठोकायला, पाजायला नाही. काठीला लोहचुंबक बांधा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला सोडतं. त्याच्या किंचित वर, संध्याकाळच्या अंधारात नारिंगीकडे झुकलेला लाल दिसला की तेलात. त्याआधी तीन वेळा तसंच तापवून हवेत निवू द्या, ठोकून बसलेला ताण निघतो. धार तेव्हा रुपयाच्या नाण्याइतकी जाड असू द्या, बारीक केलीत तर वाकेल. कानस घसरायला लागली म्हणजे कडक झालं. लगेच घासून उजळ करा आणि ओटीजीत (घरच्या विजेच्या भट्टीत) २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवा. गव्हाच्या काडीचा रंग चढला पाहिजे. हे टाळलंत तर फरशीवर पडून काचेसारखं फुटेल.

आणि तडकलेलं पातं फेकू नका. चष्मा लावा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये (पकडयंत्रात) धरून मोडा, आतला दाणा बघा; जास्त तापलं असेल तर तो भरड दिसेल.

बडोदेकर

ठोकताना धारेची बाजू लांबते आणि पातं पाठीकडे वाकतं. म्हणून आधीच थोडं धारेकडे वाकवून घ्या, ठोकता ठोकता सरळ होतं. माझी दोन पाती यात गेली.

घरकामाची, शेतीची हत्यारं सोडून ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. तुमचं सहा इंचांचंच राहू द्या.

ऐरणीवरची (इंदूर)

काका, मोडून पाहिलं. आत खडीसाखरेसारखे चमकणारे दाणे! त्याच पाट्याचा न तापवलेला तुकडा खाच पाडून मोडला, तो करडा, मैद्यासारखा मऊ दिसतो. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा 'जास्त तापलं' म्हणजे काय ते कळलं.

काल दुसरं पातं सोयाबीनच्या तेलात पाजलं. आवाज नाही, नुसता धूर आणि घरभर भज्यांचा वास. कानस घसरली. टोक तांदळाच्या दाण्याएवढं डावीकडे गेलंय. ओटीजीतून गरम काढून लाकडी ठोकळ्यांमध्ये दाबलं तर सरळ होईल ना? पहिली फेरी आज रात्री लावते आहे.

लष्करवाले काका (ग्वाल्हेर)

होईल. हातमोजे घाला, सावकाश दाबा आणि निवेपर्यंत व्हाइस सोडू नका. वर कोमट असतानाच मधमाशीचं मेण चोळा, काळा रंग छान धरतो. नवमीला पाटाचा फोटो टाका.