इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारे की न घेणारे?

प्रश्न (शब्दवेध): नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमात नववीत शिकते. परवा महामार्गावर आमच्यापुढे पेट्रोलचा टँकर होता आणि त्याच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे ठळक लिहिलेले होते. ‘इनकरेक्ट म्हणजे बरोबर नसलेले, मग हे न पेटणारे का?’ असे तिने विचारले. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, पण त्यामागचे कारण मला सांगता आले नाही. अन, इन, डिस, नॉन यांपैकी कोणता उपसर्ग कोठे लावायचा, याचा काही नियम आहे का?

उत्तर (जुनी पाटी): मुलीची शंका अगदी रास्त आहे. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. इन्फ्लेमेबलमध्ये हा दुसरा ‘इन’ आहे, कारण तो शब्द ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला; डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात, तो दाहही त्याच क्रियापदाचा. असा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणूनच अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणावे.

उत्तर (व्याकरणप्रेमी): नियमाविषयी थोडे लिहितो. ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग, ‘इन’ लॅटिनचा, तर ‘अ’ किंवा ‘अन’ ग्रीकचा. आणि मला फार आनंद देणारी गोष्ट ही की, हे तिन्ही उपसर्ग व आपला संस्कृत ‘अ’ एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. स्वरापुढे आपला ‘अ’ जसा ‘अन्’ होतो (अनादि, अनंत), तसाच ग्रीकचाही होतो, आणि म्हणून नाव नसलेल्याला इंग्रजीत अ‍ॅनॉनिमस म्हणतात. लॅटिन ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. आपल्याकडे संधी शिकलेल्या मुलांना हे लगेच उमगते. मात्र मूळ पाहून उपसर्ग नेमका ठरवता येईल, असे समजू नये. विशेषण अनइक्वल आणि नाम इनइक्वालिटी, विशेषण अनजस्ट आणि नाम इनजस्टिस, अशा जोड्या पाठच कराव्या लागतात. मराठीत तरी फारसी ‘बे’ संस्कृत ‘भान’ला लागून ‘बेभान’ झालाच ना!

उत्तर (दुभाषी): भाषांतर करताना मला उपसर्गातील अर्थच्छटा अधिक महत्त्वाची वाटते. अनक्वालिफाइड माणसाकडे पात्रता मुळातच नसते, तर डिसक्वालिफाइड माणसाला अपात्र ठरवलेले असते. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड, म्हणजे निःपक्षपाती असावा; अनइंटरेस्टेड, म्हणजे खटल्यात लक्षच नसलेला, मुळीच नसावा. प्रत्ययांचेही तसेच आहे: केअरलेस म्हणजे निष्काळजी आणि केअरफ्री म्हणजे निश्चिंत.

शब्दवेध: सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने वहीत या जोड्या उतरवून घेतल्या आणि आता विचारते आहे की, गाठ सोडण्याला ‘अनटाय’ म्हणतात, त्यात नकार कोठे आहे?

व्याकरणप्रेमी: तिने नेमके हेरले. क्रियापदाला लागणारा ‘अन’ मुळातच वेगळा असून तो केलेली क्रिया उलटवतो. अनटाय म्हणजे ‘न बांधणे’ नव्हे, तर बांधलेले सोडणे.